दोन घटका मौज

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आकाशाला जागा मिळते ती बहुधा कवितेच्या प्रकरणात. चंद्र, चांदणे, शुक्राची चांदणी ही सारी तेथे प्रतिमा होऊन येतात. परंतु हेच आकाश ओळखायला आणि मोजायला शिकवणारे गद्यही मराठीत शतकाहून अधिक काळ लिहिले गेले आहे. वाङ्मयाच्या वर्गात मात्र ते क्वचितच वाचले जाते. ही उपेक्षा का खटकावी, याचा विचार दोन लेखकांच्या आधारे करता येईल.

पहिले शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८). कोकणातील मुरूड गावचा हा शाळाशिक्षक. विद्यापीठाची पदवी नाही, पाठीशी वेधशाळा नाही. तरीही १८९६ साली त्यांनी भारतीय ज्योतिःशास्त्राचा बृहद् इतिहास मराठीत प्रसिद्ध केला. तो आजही अभ्यासकांच्या आधाराचा ग्रंथ आहे. त्याआधी त्यांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले होते. त्याचे उपशीर्षक ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. ‘दोन घटका’ हा आपल्या बोलण्यातला सहज वाक्प्रचार. पण घटका हे ज्योतिषातले कालमापनही आहे. अहोरात्राच्या साठ घटका, म्हणजे एक घटका चोवीस मिनिटांची. घरगुती शब्दात शास्त्राचे माप आधीपासूनच दडलेले आहे, आणि दीक्षितांचे शीर्षक ते नकळत वाचकाच्या हाती देते. शिवाय ते ज्ञानाला ‘मौज’ म्हणते. उपदेशाचा सूर त्यात नाही.

दुसरे जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५). केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह संशोधन करून ते १९७२ साली भारतात परतले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले हे नाव. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कीर्तीचे वजन बाजूला ठेवून कथेची परीक्षा व्हावी, ही त्यामागची भूमिका लक्षणीय आहे. ‘ब्लॅक होल’ ही संज्ञा इंग्रजीतही १९६७ नंतरच रूढ झाली होती. म्हणजे जगाच्या दृष्टीने नवी असलेली कल्पना अवघ्या सात वर्षांत मराठी कथेचा विषय झाली. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली, हेही विसरता येत नाही.

१९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलसंशोधनाची संस्था नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. दीक्षितांना न लाभलेली वाट पुढच्या पिढ्यांसाठी अशी तयार झाली. मुले स्वाक्षरी मागत तेव्हा नारळीकर सांगत: पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. स्वाक्षरीसाठी मुलाला आधी स्वतःच्या कुतूहलाकडे वळावे लागे, आणि तो प्रश्न स्वतःच्या वाक्यात मांडावा लागे.

येथे भाषाशिक्षकाचा संबंध येतो. महाराष्ट्रात दहावीनंतर विज्ञानाचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीतून होते. मराठी माध्यमात शिकणारा मुलगा वा मुलगी शास्त्रज्ञ होणार असेल, तर आकाशाविषयीचे चांगले मराठी गद्य त्यांच्या हाती पडायचे ते त्यापूर्वीच. विज्ञानाच्या तासाला सूत्रे आणि आकृत्या येतात. ‘दोन घटका मौज’ या शब्दांशी थांबण्याची सवड मराठीच्या तासालाच असते. दीक्षित आणि नारळीकर यांना केवळ ‘विज्ञानप्रसारक’ या खान्यात ठेवले, की तो तास त्यांच्याविनाच जातो. त्यांचे एखादे पान आधी मराठी गद्य म्हणून वर्गात वाचावे. त्यानंतर मुलांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे शिक्षकाला देता येणार नाहीत. ते प्रश्नही वहीत उतरवून घेण्याजोगे असतील.