ओल्ड ट्रॅफर्डवरचे एक मिनिट

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता आमच्या शाळेत हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. दोन मिनिटे म्हणजे किती वेळ, हे एखाद्या शिक्षकाला विचारा. अर्ध्या मिनिटात पायांची चुळबुळ सुरू होते, मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसतो आणि ते हसू रांगभर पसरते. यंदा स्तब्धता संपल्यावर दहावीतला एक फुटबॉलवेडा मुलगा माझ्याकडे आला. "सर, आम्ही दोनशे पोरं गप्प राहू शकत नाही, मग मँचेस्टरला पाऊण लाख माणसं कशी राहतात?"

मी म्हणालो, "नेहमी राहत नाहीत, बेटा." तास सुरू व्हायचा होता, म्हणून त्याला अर्धवटच सांगता आले. उरलेले इथे लिहितो.

६ फेब्रुवारी १९५८. मँचेस्टर युनायटेडचा संघ बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी करून युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. परतताना विमान इंधनासाठी म्युनिकला उतरले. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल होता. दोनदा उड्डाण अर्ध्यावर सोडावे लागले. तिसऱ्यांदा पुरेसा वेग मिळाला नाही आणि विमान धावपट्टी ओलांडून, कुंपण तोडून एका घरावर आदळले. विमानातल्या ४४ जणांपैकी २३ जण दगावले, त्यांत आठ खेळाडू होते. २१ वर्षांचा डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस इस्पितळात झुंजला आणि गेला. वैमानिक जेम्स थेन वाचले, पण खापर त्यांच्या माथी फुटले आणि निर्दोष ठरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. असो, तो वेगळा विषय आहे.

त्याच शहरात दुसरा क्लब आहे, मँचेस्टर सिटी. युनायटेड लाल, सिटी आकाशी. कोल्हापूरच्या वाचकांना ही चुरस समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम भिडतात तेव्हा पेठांत काय वातावरण असते, ते त्यांनी पाहिले आहे. पण मँचेस्टरमध्ये चुरशीची पुढे विटंबना झाली. सिटीचे काही समर्थक युनायटेडवाल्यांसमोर दोन्ही हात पसरून विमान पडल्याची नक्कल करू लागले. 'म्युनिक' हे एका शहराचे नाव, ते तिथे शिवी बनले. युनायटेडवाले सगळेच साधू होते असेही नाही. १९८९च्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले, त्यांच्यावरून काही युनायटेडवाल्यांनी तशाच घोषणा दिल्या. यातल्या बऱ्याच पोरांचा ती दुर्घटना घडली तेव्हा जन्मही झाला नव्हता. वैर त्यांना वारशाने मिळाले होते, इतिहास मिळाला नव्हता.

कारण इतिहास पाहिला तर म्युनिकच्या मृतांत सिटीचाही माणूस आहे. फ्रँक स्विफ्ट. सिटीचा गोलरक्षक, इंग्लंडचा कर्णधारही झालेला. १९३४चा एफए कप सिटीने जिंकला तेव्हा शेवटची शिटी वाजताच हा वीस वर्षांचा धिप्पाड पोरगा मैदानावरच चक्कर येऊन पडला होता. निवृत्तीनंतर तो वर्तमानपत्रासाठी लिहू लागला आणि पत्रकार म्हणून त्या विमानात बसला. त्या कप विजयात त्याचा साथीदार कोण होता? मॅट बस्बी, जे पुढे युनायटेडचे प्रशिक्षक झाले आणि म्युनिकमध्ये मरणाच्या दारातून परत आले. १९४१ साली जर्मन बॉम्बहल्ल्यात युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झाले, तेव्हा १९४९पर्यंत युनायटेड आपले घरचे सामने कुठे खेळत होते? सिटीच्या मेन रोडवर.

२००८ साली दुर्घटनेला पन्नास वर्षे झाली. १० फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डवर सामना होता आणि पाहुणा संघ नेमका सिटी. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. चारच दिवस आधी वेम्बलीवर इंग्लंडच्या सामन्यात काहींच्या हुल्लडीने स्तब्धता भंगली होती. सिटीच्या समर्थक संघटनेने सुचवले, मौनाऐवजी मिनिटभर टाळ्या वाजवू. सूचना व्यवहारी होती, टाळ्यांत शिवी बुडून जाते. पण युनायटेडने मौनच ठेवले. ते बरे केले असे मला वाटते, कारण मौनात माणसाला लपायला जागा नसते.

युनायटेडचे खेळाडू १९५८सारख्या साध्या लाल जर्सीत उतरले, पाठीवर फक्त १ ते ११ आकडे, जाहिरात नाही. सिटीच्या जर्सीवरूनही जाहिरात काढली होती. सिटीच्या हजारो समर्थकांनी आपले आकाशी मफलर हातांत धरले. शिटी वाजली. मिनिट सरले आणि त्यांच्या बाजूने आवाज आला नाही. त्यानंतर नव्वद मिनिटे त्यांनी युनायटेडची मनसोक्त खिल्ली उडवली आणि सामना २-१ने जिंकलाही. ओल्ड ट्रॅफर्डवर लीगमधला १९७४नंतरचा त्यांचा पहिला विजय.

आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात किंवा घरी एक हदीस ऐकलेली असते. एक मय्यत जात होती, प्रेषित (स.) उभे राहिले. सोबतचे म्हणाले, ही तर यहुद्याची मय्यत आहे. त्यावर त्यांनी उलट विचारले, तो जीव नव्हता का? मलाही ती लहानपणापासून पाठ होती. तरीही जे घडले ते सांगतो.

मी कॉलेजात होतो. टेनिसबॉल क्रिकेटची फायनल, आमचा मोहल्ला विरुद्ध पलीकडचा. त्यांचा वेगवान बॉलर पंधरा दिवसांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. त्याच्या जनाज्याच्या नमाजला मीही उभा होतो. सामन्याआधी दोन्ही टीम समोरासमोर मौन उभ्या राहिल्या. माझ्या शेजारचा पुटपुटला, "आता यॉर्कर कोण टाकणार?" आणि मी हसलो. मोठ्याने हसलो. समोर मरहूमचा मोठा भाऊ उभा होता, पॅड बांधून. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले.

आम्ही तो सामना जिंकला. स्कोअर मला आठवत नाही.

त्या भावाचे आता टेलरिंगचे दुकान आहे. ईदचे कपडे मी त्याच्याकडेच शिवतो. तो माप घेतो, मुलांची चौकशी करतो, चहा मागवतो. वीस वर्षांत त्याने तो विषय काढलेला नाही. मीही नाही.