वळिवडें : दोन निर्वासनांचें एक गांव

मुंबईच्या उपनगरांत, मढ बेटाच्या टोकाशीं, वेसाव्याच्या खाडीचें मुख राखीत एक पोर्तुगीज किल्ला उभा आहे. १७३९ सालच्या मोहिमेंत तो मराठ्यांच्या हातीं आला. त्या मोहिमेचा शेवट मे महिन्यांत वसईच्या पाडावानें झाला. चिमाजी अप्पांचा पराक्रम शाळेंतील मुलांनाहि तोंडपाठ असतो. परंतु वसईच्या तहाचीं कलमें फारशीं कोणी वाचीत नाहीं. पराभूत सैनिकांनीं शस्त्रांसह आणि कुटुंबांनीं आपल्या चीजवस्तूंसह सुखरूप निघून जावें, व जे मागें राहतील त्यांच्या धर्माला धक्का लागूं नये, असें त्यांत ठरलें होतें. निघालेल्यांपैकीं पुष्कळांनीं त्या वर्षींचा पावसाळा मुंबईच्या आश्रयानें काढला. तोफा थंडावल्यावर उरतात तीं बायकामुलें आणि त्यांचीं गांठोडीं. त्यांचें काय करावयाचें, हा प्रश्न विजयाच्या बखरींत एखाद्या ओळींत आटोपतो; प्रत्यक्षांत तो सोडविण्यास वर्षें लागतात.

याच किनाऱ्यावर, मढच्या दक्षिणेस थोड्याच मैलांवर असलेल्या वांद्र्यास, १९४२ च्या एप्रिलांत असाच एक तांडा उतरला. दीडशेहून अधिक मुलें होतीं तीं. बहुतेक पोरकीं, आणि सर्वच उपासमारीनें खंगलेलीं. त्यांची मायभूमि पोलंड. १९३९ च्या सप्टेंबरांत पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें तो देश वांटून घेतला. पुढल्या दोन वर्षांत रशियानें आपल्या वांट्याच्या मुलखांतील लक्षावधि माणसें रेल्वेच्या मालडब्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रांतीं नेऊन टाकलीं. १९४१ च्या जूनमध्यें जर्मनीनें रशियावरच चाल केली, तेव्हां वारें फिरलें. ३० जुलै १९४१ रोजीं लंडनमधील पोलिश सरकार व रशिया यांच्यांत करार होऊन या बंदिवानांना मुक्ति मिळाली. मुक्ति मिळाली खरी, परंतु अन्न, वस्त्र वा प्रवासाचें साधन कांहींच मिळालें नाहीं. उबेच्या आशेनें दक्षिणेकडे निघालेल्या या लोकांपैकीं हजारों वाटेंतच टायफसनें व भुकेनें मेले.

ही वार्ता मुंबईस पोंचली, तेव्हां तेथील पोलिश कॉन्सल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनीं मदतीची तजवीज आरंभिली. कीराबाई हिंदुस्थानांत पोलिश रेडक्रॉसचें काम पाहत असत. औषधें, कपडे आणि अन्न भरलेले ट्रक मुंबईहून क्वेट्टा, झाहेदान, मशहद या मार्गानें रशियाच्या हद्दींतील अश्काबादेस गेले, आणि परततांना त्याच ट्रकांतून हीं मुलें आणण्यांत आलीं. वाळवंट, घाट आणि ऐन हिवाळ्यांतील बर्फ अशा त्या वाटेनें माल नेणें एक वेळ सोपें. आजारी मुलें जिवंत आणणें सोपें नव्हे. मदतकार्य म्हणजे केवळ दयाबुद्धि नव्हे, तें वाहतुकीचें व हिशेबाचें शास्त्रहि आहे, हें या सफरीनें दाखवून दिलें.

वांद्र्याच्या घरांत हीं मुलें तीनएक महिने राहिलीं. दरम्यान नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं आपल्या संस्थानांत समुद्राकांठीं बालाचडी येथें त्यांच्यासाठीं वसाहत उभारली, आणि जुलैमध्यें मुलें तिकडे गेलीं.

परंतु आपल्या महाराष्ट्राचा यांतील खरा वांटा कोल्हापूरचा आहे. १९४२ सालीं जनरल आंडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर एक लाखाहून अधिक माणसें कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत आलीं. पुरुष सैन्यांत गेले. बायका, मुलें व वृद्ध यांना कोठें ठेवावयाचें, हा प्रश्न उरला. १९४३ सालीं कोल्हापूर संस्थानांत, शहराजवळच मिरजेच्या रेल्वेमार्गालगत वळिवडें येथें त्यांच्यासाठीं मोठा कॅम्प वसविण्यांत आला. हां हां म्हणतां तेथील वस्ती पांच हजारांच्या घरांत गेली.

वळिवड्याची रचना लक्ष देण्याजोगी होती. लांबट एकमजली बराकी उभारून त्यांत प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची चूल दिलेली होती. शेंकडों माणसांना एका रांगेंत उभें करून पळीनें आमटी वाढण्याऐवजीं कुटुंबाच्या हातीं ठरीव रक्कम देण्यांत येई, आणि गृहिणी बाजारहाट करून रांधीत असे. आसपासचे भाजीवाले, दूधवाले कॅम्पांत येत. बायका मोडकेंतोडकें मराठी बोलून घासाघीस करूं लागल्या. ज्या स्त्रीनें दोन वर्षें दुसऱ्याच्या हुकमानें लाकडें तोडलीं, तिला आज काय शिजवावें हें स्वतः ठरवितां येणें, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तिचें घर तिला तेथूनच परत मिळूं लागलें.

कॅम्पांत प्राथमिक व दुय्यम शाळा होत्या, चर्च होतें, रुग्णालय होतें, नाटकगृह होतें, बालवीरांचीं पथकें होतीं. शिक्षण पोलिश भाषेंत चाले. मुंबईहून पोलिश भाषेंत नियतकालिकहि निघे. क्षयरोग्यांची व्यवस्था पांचगणीच्या हवेंत करण्यांत आली होती. गांधीजींच्या सहवासांत आलेल्या वांदा दिनोव्स्का, ज्यांना हिंदी लोक उमादेवी म्हणत, त्या येथील तरुणांना भारताच्या संस्कृतीची ओळख करून देत.

हें सर्व कोणत्या काळांत घडलें, तेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. १९४२ च्या आंदोलनानंतर देशाचे पुढारी तुरुंगांत होते. १९४३ सालीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. ज्या सरकारनें पोलिश निर्वासितांची व्यवस्था लाविली, त्याच सरकारच्या अमलाखालीं हें झालें. ही विसंगति झांकण्याचें कारण नाहीं. तथापि तिचा दोष वळिवड्याच्या मुलांना लागत नाहीं, आणि त्या टंचाईच्या दिवसांत कोल्हापुरच्या माणसांनीं परक्यांना जी माया दिली तिचें मोल त्यामुळें वाढतेंच. दोघांचें दुःखहि कांहीं अंशीं एकच होतें. १९४४ सालीं वळिवड्याच्या बायका इटलींतील मोंटे कासिनोच्या लढाईची बातमी जीव मुठींत धरून ऐकत होत्या. कारण त्यांचे पति व पुत्र तेथें लढत होते. त्याच इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणी होत्या. नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं तेथेंच देह ठेवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. डाकवाल्याची वाट पाहणाऱ्या आया कॅम्पांतहि होत्या आणि आसपासच्या खेड्यांतहि होत्या.

युद्ध संपलें, परंतु वळिवड्याचा वनवास संपला नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत याल्टा येथें पोलंडचा पूर्वभाग रशियाकडे राहील असें ठरलें. यांतील बहुतेकांचीं घरें त्याच भागांतलीं. जुलैमध्यें ब्रिटननें लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. युद्ध जिंकणाऱ्या पक्षाचीं हीं माणसें. पण परत जावयाचें तर कोणत्या गांवीं, याला उत्तर नव्हतें. पुढें त्यांचा भार आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनीं उचलला. १९४६ सालीं बालाचडीची वसाहत मोडून तेथील मुलेंहि वळिवड्यास आलीं. कांहीं कुटुंबें नव्या पोलंडांत परतलीं. ज्यांचे पुरुष आंडर्सच्या सैन्यांत होते त्यांतील पुष्कळ ब्रिटनला गेलीं. कित्येक आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशीं पांगलीं. १९४८ सालीं कॅम्प रिता झाला. मागें राहिलीं तीं कोल्हापुरच्या दफनभूमींतील थडगीं.

बराकी मात्र फार दिवस ओस पडल्या नाहींत. १९४७ च्या फाळणीनें सिंधमधून लक्षावधि हिंदु कुटुंबें निघालीं. कराचीहून आगबोटींनीं तीं मुंबईस उतरत. चेंबूर, मुलुंड अशा उपनगरांत त्यांच्या वसाहती झाल्या. कल्याणजवळील युद्धकालीन लष्करी छावणीचें ८ ऑगस्ट १९४९ रोजीं उल्हासनगर झालें. त्यांतील कांहीं कुटुंबांना वळिवड्याचा मोकळा कॅम्प मिळाला. ज्या चुलीवर काल पोलिश बाई पाव भाजीत होती, तेथें आज सिंधी बाई फुलके भाजूं लागली. या वस्तीचें नांव गांधीनगर पडलें. आलेले लोक मदतीवर बसून राहिले नाहींत; फेरी करून, दुकानें मांडून त्यांनीं व्यापार जमविला. कापडाची घाऊक बाजारपेठ म्हणून गांधीनगर आज दक्षिण महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे.

एकाच जागेच्या या दोन कथा शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे निर्वासितांच्या सेवेचें मर्म कळतें. पोलिश लोकांना परत जावयाचें होतें. म्हणून त्यांना भाषा, शाळा आणि आपलेपणाचें वातावरण हवें होतें. सिंधी लोकांना परतीची वाट उरली नव्हती. म्हणून त्यांना जागा, परवाना आणि गिऱ्हाईक हवें होतें. दोघांनाहि छप्पर सारखेंच लागलें, पण छपराखालीं काय हवें तें निराळें होतें. साहाय्य करणाऱ्यानें आधीं हें विचारून घेतलें पाहिजे. नाहीं तर चांगल्या हेतूनें दिलेलें दानहि घेणाऱ्याला जड होतें.

कोल्हापुरच्या महावीर उद्यानांत पोलिश लोकांनीं कृतज्ञतेचें स्मारक उभारलें आहे. वॉर्सा शहरांतहि कोल्हापुरचें स्मारक असून, ऑगस्ट २०२४ मध्यें भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पें वाहिलीं. वळिवड्यांत वाढलेलीं मुलें म्हातारपणीं पुन्हां पुन्हां कोल्हापुरास येत राहिलीं. त्यांना पाहावयाची असे ती आपल्या बराकीची जागा, शाळेची वाट आणि बाजाराचा रस्ता. घर गमावलेल्या माणसाला दुसरें घर आठवतां यावें, एवढें श्रेय कोल्हापुरच्या पदरीं निःसंशय पडलें आहे.