विठ्ठलाचा 'ठ'

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. नाव पंढरीच्या देवाचे. १९९० च्या आसपास त्यांच्या पगाराची चिठ्ठी संगणकावर छापून येऊ लागली. रोमन लिपीत, आणि विठ्ठलाचा एक 'ठ' गाळून. ती माझ्यापुढे टाकून ते म्हणत, "वाच रे, कोणाचा पगार आलाय बघू!" मी हसे. त्यांच्या थट्टेतला सल मला फार उशिरा कळला.

दोष एकट्या छापणाऱ्याचा नव्हता. १९८१ साली अमेरिकेत आय.बी.एम.चा वैयक्तिक संगणक निघाला. त्याच्या पडद्यावर २५ ओळी, ओळीत ८० घरे, आणि घरात बसणारी अक्षरचित्रे अवघी २५६, तीही ठरीव! इंग्रजीचे त्यात भागे. आपली वेलांटी मात्र उच्चारात व्यंजनामागून येते नि कागदावर त्याच्या पुढे बसते. 'ठ'ला 'ठ' जोडला की नवेच रूप होते. हा संसार त्या घरांत मावावा कसा?

कानपूरच्या आय.आय.टी.त १९८३ च्या सुमारास या कोड्यावर काम चालले होते. १९८८ त पुण्यात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था निघाली आणि ते काम आमच्या शेजारी आले. मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनी 'जिस्ट' कार्ड सिद्ध केले. संगणकाच्या पोटात खोचायची ती एक पाटी. व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल अशा सहा कळा बोलण्याच्या क्रमाने दाबाव्या. मांडणी कार्डाने करावी. इंग्रजीसाठी केलेल्या प्रणालीही त्यामुळे मराठी दाखवू लागल्या. आय.बी.एम.ने १९८७ त रेघा ओढण्याचे, रंग भरण्याचे काम असेच निराळ्या कार्डाकडे दिले होते. तिकडची वाट पुढे खेळांच्या चित्रांकडे गेली. आपल्याला आधी अक्षर हवे होते.

आता ते कार्ड लागत नाही. मात्र उच्चाराचा तो क्रम 'युनिकोड'नेही स्वीकारला. माझ्या वर्गातली, चाकणला कामाला जाणाऱ्यांची मुले त्याच क्रमाने फोनवर आपली नावे लिहितात.

परवा मी फोनवर वडिलांचे नाव लिहून दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावर बोट ठेवून पाहिले.

"दोन्ही 'ठ' हायेत," म्हणाले, आणि फोन आईला दाखवायला घेऊन गेले.