शोभेची दारू

मराठींत ‘दारू’ हा एकच शब्द तोफेलाहि चालतो आणि फुलबाजीलाहि. (त्याच्या तिसऱ्या अर्थाशीं येथें आम्हांस कर्तव्य नाहीं.) भेद दाखवावयाचा झाला म्हणजे ‘शोभेची’ हें विशेषण लावावें लागतें, आणि सरकारी कागदांतहि हीच संज्ञा रूढ झाली. वस्तु कोणती, यापेक्षां ती कशासाठीं केली, हा प्रश्न हें विशेषण पुढें आणतें. कायद्यानेंहि नेमका तोच मार्ग धरिला.

पेशव्यांच्या बखरींत महादजी शिंदे यांनीं सवाई माधवरावांस सांगितलेलें कोट्याच्या ‘दारूच्या लंके’चें वर्णन आहे. रावण, राक्षस, वानर, सर्व दारूचे. मारुतीच्या शेपटीस बत्ती लागली कीं तो उडून लंका पेटवी. तेथें दारूकाम हें राजवैभव होतें. इंग्लंडांत मात्र १६९७ सालींच पार्लमेंटनें फटाके उडविणें व फेकणें हा सार्वजनिक उपद्रव ठरविला होता. तो रस्त्यांतील वर्तनाचा कायदा. पुढें १८७५ च्या कायद्यानें रस्ता सोडून कारखान्याकडे व कोठाराकडे दृष्टि वळविली. आपला १८८४ चा कायदा हा त्याचाच धाकटा भाऊ.

या कायद्याच्या व्याख्येंत नायट्रोग्लिसरीन व डायनामाइट यांच्याबरोबर रंगीत उजेडाच्या दारूलाहि स्थान मिळालें. स्फोटानें कांहीं कार्य साधण्यासाठीं, अथवा केवळ अग्निकौतुक दाखविण्यासाठीं, जें जें केलें जाईल तें तें स्फोटक, असा तिचा आशय. म्हणजे चंद्रज्योत आणि डायनामाइट एका पंक्तीस! वाचकांस हें हास्यास्पद वाटेल. आम्हांस तें शहाणपणाचें वाटतें. कोठारांत पडलेली ठिणगी शोभेची दारू निवडून वगळीत नाहीं.

वर्गवारी नियमांनीं केली. बंदुकीची दारू पहिल्या वर्गांत, क्लोरेटचीं मिश्रणें चौथ्यांत, दारूगोळा सहाव्यांत आणि शोभेची दारू सातव्यांत. या सातव्याचेहि दोन पोटभाग: मिश्रण आणि तयार माल. हा पोटभेद आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरीं येतो तो तयार माल, कागदांत निजलेला. उघडें मिश्रण हाताळतो तो शिवकाशीसारख्या गांवांतला मजूर. गंधक आणि क्लोरेट एकत्र आले म्हणजे नुसत्या घर्षणानें पेट घेतात. इंग्लंडांत या मिश्रणास १८९४ सालीं बंदी झाली. आपल्याकडील १९९२ च्या अधिसूचनेंतहि त्यास मनाई आहे. अपवाद शास्त्रीय प्रयोगापुरत्या अल्प प्रमाणाचा, आगकाडीच्या गुलाचा, आणि मुलांच्या पिस्तुलांतील टिकलीचा.

मग कायद्यानें कान दिला. १९९९ सालीं, चार मीटरांवर १२५ डेसिबलांहून मोठा आवाज करणारा फटाका निषिद्ध झाला. माळेसाठीं तर लॉगॅरिदमचें गणित आलें: शंभर फटाक्यांच्या माळेंतील प्रत्येकास ११५ च डेसिबल! २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आवाजाचे आणि उजेडाचे असे दोन प्रकार पाडले व आवाजापेक्षां रासायनिक घटकांकडे लक्ष वेधलें. २०१८ सालीं माळा आणि बेरियमचे क्षार दोन्ही वर्ज्य ठरविले, आणि कमी धुराच्या फटाक्यांस ‘हरित’ म्हटलें. गंमत अशी कीं, दारूकामांत हिरवी ज्योत येते ती बेरियमनेंच. ती डोळ्यांस दिसेपर्यंत मात्र फटाका जळून गेलेला असतो. म्हणून आतां तपासणी बाजारांत न होतां प्रयोगशाळेंत करावी लागते.