फोटोंचा तबकडीकाळ

लग्नाच्या अल्बमबरोबर फोटोंची सीडी हातात देण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुजली आणि दुसरे दशक सरता सरता मोडली. डहाणूतील मसोली आणि तिथून तलासरीपर्यंतचा पट्टा त्याला अपवाद नाही. काळ जेमतेम पंधरा वर्षांचा, पण घरातले फोटो सांभाळायचे कोणी, हे त्याने बदलून टाकले.

त्याआधी ते काम स्टुडिओचे होते. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा काचेच्या प्लेटा होत्या. पुढे फिल्म आली. दोन्हींत निगेटिव्ह हीच फोटोची मूळ प्रत. गिऱ्हाईक कागदावरचा फोटो घरी नेई आणि निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात, बिलाचा नंबर घालून, स्टुडिओच्या कपाटात राही. घरातले कोणी वारले की भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असे, मग जुने बिल शोधले जाई. अशा रिप्रिंटचे चार पैसे सुटत, म्हणून निगेटिव्ह जपण्यात दुकानदाराचाही फायदा होता. कायद्याने पाहिले तर हक्क दुसऱ्याचाच: 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. हक्क एकाचा आणि निगेटिव्ह दुसऱ्याच्या कपाटात, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला.

तबकडीचा जन्म फोटोंसाठी झालेला नव्हता. फिलिप्स आणि सोनी यांनी 1982 मध्ये सीडी बाजारात आणली ती गाण्यांसाठी. एकदा लिहिता येणारी सीडी-आर जपानच्या तैयो युडेन कंपनीने 1988 मध्ये तयार केली. फोटोंसाठी खास तबकडी कोडॅकची. 1992 मध्ये आलेल्या तिच्या ‘फोटो सीडी’वर लॅबमध्ये स्कॅन केलेले सुमारे शंभर फोटो मावत. प्रत्येक फोटो लहानापासून मोठ्यापर्यंत पाच आकारांत साठवलेला असे आणि डबीत सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रतींचा छापील कागद घातलेला असे. तबकडीत काय आहे ते ती न लावता कळावे, ही त्यातली शहाणी गोष्ट होती. पुढच्या काळातल्या स्वस्त सीड्यांबरोबर तो कागद आला नाही, आणि त्याची उणीव फार भासली.

भारतात सीडी स्वस्त झाली त्यात नोएडाच्या मोझर बेअर कंपनीचा मोठा वाटा होता. तिने 1999 मध्ये सीडी-आर बनवायला सुरुवात केली आणि काही वर्षांत ती जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. पन्नास कोऱ्या सीड्यांची स्पिंडल स्टुडिओच्या टेबलावर आली. 2003 मध्ये कॅननचा 300डी आणि 2004 मध्ये निकॉनचा डी70 आला, तसे सहा मेगापिक्सेलचे कॅमेरे लग्नाच्या फोटोग्राफरांच्या आवाक्यात येऊ लागले. मेमरी कार्ड मात्र महाग होते. एक लग्न आटोपले की कार्ड कॉम्प्युटरवर रिकामे करायचे आणि पुढच्या मुहूर्ताला निघायचे, अशी घाई. फोटो सरासरी तीन एमबीचा धरला तर 700 एमबीच्या सीडीवर सव्वादोनशेच्या आसपास फोटो बसत, 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर पंधराशे. लग्नाचा मोसम जोरात असताना हार्ड डिस्क भरून जाई. अल्बम छापून झाला, सीडी दिली, की फोल्डर पुसले जाई.

इथेच मूळ प्रतीची जागा बदलली. अल्बमबरोबर दिलेली तबकडी ही पोच होती, पण मागचे फोल्डर पुसल्यामुळे तीच एकमेव प्रत ठरली. दुसरी प्रत काढून ठेवावी, हे घरच्यांना बहुधा कोणी सांगितले नाही. निगेटिव्ह सांभाळणाऱ्याला ती कशी ठेवायची हे ठाऊक होते. सीडी मात्र लग्नपत्रिका आणि आहेराच्या यादीसोबत कपाटात गेली.

सीडी ‘राइट करणे’ हेही नाजूक काम होते. लेसर तबकडीतल्या रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो. मध्येच वीज गेली तर ती तबकडी फुकट. 2005 नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन होते, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा यूपीएसशिवाय स्टुडिओ चालेना. लिहून झाल्यावर तबकडीचे सेशन बंद करायचे राहिले तर दुसऱ्याच्या प्लेयरमध्ये ती सीडी उघडत नसे.

मांडणीची कथा त्याहून दुबळी. डिजिटल कॅमेऱ्यांतल्या फायलींची नावे 1998 च्या एका जपानी मानकाने ठरवलेली आहेत: आठ अक्षरांचे नाव, त्यात शेवटचे चार आकडे, 0001 ते 9999. आकडे संपले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दोन फोटोग्राफरांनी एकाच लग्नात एकाच कंपनीचे कॅमेरे वापरले तर एकाच नावाचे दोन फोटो सहज तयार होत आणि एकत्र करताना एक दुसऱ्यावर चढे. मराठीत फोल्डरला नाव देण्याचा मार्गही सोपा नव्हता. तेव्हाच्या डीटीपीतले श्रीलिपीसारखे फॉन्ट युनिकोडचे नव्हते, त्यामुळे त्यांत टाइप केलेले नाव फोल्डरला लावता येत नसे. ‘हळद’, ‘वरात’, ‘रिसेप्शन’ हे शब्द रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तसे लिहिले जात. वर मार्करने आडनाव आणि तारीख, तीही कधी लग्नाची तर कधी सीडी राइट केल्याची.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत या ढिलाईची किंमत जरा जास्त आहे. वारली लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात; त्यात पालघट देवी असते. लग्न झाले की त्याचे काम संपते आणि पुढच्या सारवणात तो पुसला जातो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची कागदावरची आणि कापडावरची चित्रे संग्रहालयांत सुरक्षित आहेत. भिंतीवरच्या चौकाला मात्र फोटोशिवाय दुसरी नोंद नाही. नवरा-नवरीच्या मागे ओझरता आलेला असा चौक कलेच्या अभ्यासकाला मोलाचा, पण फायलीच्या नावावरून तो कधीच सापडणार नाही.

तबकडी खराब होण्याची कारणे साधी आहेत. सीडीतला माहितीचा थर लेबलच्या बाजूला, पातळ लाखेच्या लेपाखाली असतो. म्हणून चकचकीत बाजूवरच्या चरांपेक्षा लेबलवर बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव जास्त घातक. डीव्हीडीत तो थर 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो. तिथे चकत्या जोडणारा गोंद सुटण्याचा धोका. रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने विटते, चांदीचा परावर्तक थर दमट हवेत काळवंडतो. साठवणीला थंड, कोरडी, अंधारी जागा हवी. समुद्रकाठच्या डहाणूत पावसाळ्याचे चार महिने अशी जागा मिळणे अवघड.

सीडीचा शेवट तिच्या दोषांमुळे झाला असे म्हणता येत नाही. पेनड्राइव्ह स्वस्त झाले, 2015 मध्ये गूगल फोटोज आले, सप्टेंबर 2016 मध्ये जिओने डेटा जवळपास फुकट केला आणि नव्या लॅपटॉपांतून ड्राइव्हच नाहीसे झाले. मोझर बेअर 2018 मध्ये अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले.

मागे राहिलेल्या सीड्या वाचण्यासाठी आता बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह लागतो. एका ड्राइव्हवर न उघडणारी तबकडी दुसऱ्यावर उघडते, असा अनुभव येतो, म्हणून दोन-तीन ड्राइव्ह बदलून पाहिले जातात. आधी सबंध तबकडीची एकच इमेज फाइल करून घ्यावी आणि फोटो त्यातून काढावेत, म्हणजे अशक्त तबकडी वारंवार फिरवावी लागत नाही. फायलीत नोंदलेली फोटो काढल्याची वेळ शाबूत असेल तर क्रम लावता येतो, मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असायला हवे. जिथे काहीच वाचले जात नाही, तिथे करिझ्मा, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करून छापलेल्या, अल्बमची पाने स्कॅन करतात. त्यांत निवडलेलेच फोटो मिळतात, डिझायनरने मागे चिकटवलेल्या धबधब्यांसकट.