एका कोयत्यात माणसं किती?

मोबाइल खिशात टाका, त्याला इथं रेंज नाही. 1970 च्या आसपासच्या भवानीनगरात तुम्ही उभे आहात, गळीत हंगाम ऐन भरात आहे आणि पहाटेच्या गारठ्यानं तुमचे दात वाजताहेत.

आधी नाकाला कळतं: मळीचा आंबूस-गोड वास, शेणाचा, ओल्या उसाचा. मग कानाला: छत्रपती कारखान्याचा भोंगा, घुंगरमाळा, गाडीवानांच्या शिव्या. गव्हाणीपर्यंत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलीय. तुम्ही त्यातून वाट काढायला जाता. इकडून शिंग, तिकडून कोपर, पाठीत उसाची टोकं. एक पाऊल पुढं, दोन मागं. घर्षण म्हणजे काय ते बरगड्यांनाच समजतं.

निसटून फडात या. पाचट पोटऱ्यांना कापतंय, दंवानं पायजमा भिजलाय. तो बुडख्याशी कोयता घालतो, सप्प! ती वाढं छाटते, मोळी बांधते, डोक्यावर घेते. दोघांत शब्द नाही, तरी हात चुकत नाही.

मुकादमाला विचारा, टोळी केवढी?

‘‘वीस कोयतं.’’

तुम्हाला तर चाळीस माणसं दिसतात! तो हसतो. ‘‘नवरा-बायकू मिळून एक कोयता, पाव्हणं. एकटा आला तर अर्धा.’’

हाच हिशेब पुढं अमेरिकेत बोल्डरला भौतिकशास्त्रज्ञ डेबोरा जिन यांच्या प्रयोगशाळेत जमला. पोटॅशियमचे काही अणू मूळचे एकलकोंडे. एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पण निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम अंशाच्या दोन कोटीव्या भागाइतकं तापमान उरलं, चुंबकीय क्षेत्रानं त्यांच्यातली ओढ वाढवली, आणि अणूंच्या जोड्या जुळल्या. जोडी एकाच कणासारखी वागू लागली, सगळ्या जोड्या एका चालीत. 2005 मध्ये एमआयटीत लिथियमच्या अशाच वायूत भोवऱ्यांची जाळी दिसली. घर्षणाशिवाय वाहण्याची ती पक्की खूण. ना शिंग, ना कोपर!

आता ती गाडी बघा. डाव्या अंगाचा बैल गाडीवान डावीकडेच जुंपतो. तसंच शास्त्रज्ञ अणूंना लेसरचं जू घालतात: अणू कुठं चाललाय, त्यावर त्याचा स्पिन, म्हणजे अंगभूत फिरकी, बांधला जातो. याला म्हणतात स्पिन-ऑर्बिट कपलिंग. हे जू विशिष्ट पद्धतीचं असेल तर ओढ कितीही दुबळी असली तरी जोडी जुळते, असं गणित बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मांडलं गेलं. त्या जोडीचं बारसंही झालं: रॅशबॉन.

दिवस कलला. कोप्यांवर धूर चढलाय, भाकरीचा खरपूस वास सुटलाय. तो टेकलाय, ती चुलीपुढं आहे, मांडीवर पोर. कंदिलाच्या उजेडात मुकादमाची वही चाळा. उचल कोयत्याच्या नावावर, आणि कोयता त्याच्या नावावर. तिचं नाव कुठंच नाही.

अणूंची जोडी जुळली की वाटेतलं घर्षण सरतं. इथं ते सरलेलं नाही. ते तिच्या मानेवर आहे, मोळीखाली.

चला, परत निघू. उद्या चहात साखर घालाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या: एका कोयत्यात माणसं दोन असतात.