बिअर, बायका आणि चवीचा अधिकार

बायकांना कडू बिअर आवडत नाही, त्यांना गोडसर, फळांच्या स्वादाचीच लागते, असे बारमधल्या वाढप्यापासून जाहिरात लिहिणाऱ्यापर्यंत सगळे इतक्या सहज बोलतात की त्याला पुरावा मागायचे कुणाला सुचत नाही. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने तो मागावा, म्हणून ही प्रस्तावना.

सुरुवात मध्ययुगीन इंग्लंडपासून करावी. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांचा तिथल्या बिअर बनवणाऱ्या बायकांवरचा, १३०० ते १६०० या काळाचा ग्रंथ १९९६ मध्ये आला आणि या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला. तिथे तेव्हा एल, म्हणजे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुले) न घातलेली बिअर, प्यायली जायची. ती काही दिवसांत आंबून जाई, त्यामुळे घरोघरी थोडी थोडी बनायची आणि उरलेली शेजारीपाजारी विकली जायची. हे काम मुख्यतः बायकांचे. पण त्या एलचा दर, माप आणि दर्जा तपासायला गावाने नेमलेला चवपारखी जवळजवळ नेहमी पुरुष असे. बनवणारी जीभ एकीची आणि निवाडा देणारी दुसऱ्याची, ही वाटणी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. पुढे हॉप्स घातलेली बिअर आली. ती टिकायची, दूरवर पाठवता यायची. पण तिला मोठ्या कढया, भांडवल आणि उधारी लागे. नवऱ्याच्या नावाशिवाय कर्ज किंवा करार करणे विवाहितेला अवघड होते. धंदा वाढला तशा बायका त्यातून बाहेर पडल्या.

जीवशास्त्रही डावलू नये. एकच रसायन काहींना कडू लागते, काहींना बेचव, हे रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांनी १९३१ मध्ये दाखवले. ही संवेदनशीलता बरीचशी आनुवंशिक आहे आणि काही पाहण्यांत ती स्त्रियांमध्ये थोडी अधिक आढळली. पण कडू कळणे आणि कडू नावडणे वेगळे. कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या बायका आपल्याच घरात असतात. बायकांना गोडसरच हवी, या समजाची बाजारात परीक्षाही झाली: ब्रिटनमध्ये २०११ साली मोल्सन कूर्स कंपनीने खास स्त्रियांसाठी ‘अनिमे’ ही बिअर आणली, त्यात लिंबाच्या आणि गुलाबी प्रकारांचाही समावेश होता. पुढच्याच वर्षी ती बंद करावी लागली.

आपल्याकडे उद्योजिका किरण मजुमदार-शॉ १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात बिअरनिर्मितीचे शिक्षण पूर्ण करून परतल्या. हे पुरुषांचे काम, असे सांगून त्यांना ब्रूमास्टरची नोकरी नाकारली गेली. महाराष्ट्रात बाई आणि दारू यांचे नाते मुख्यतः गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठीच्या ‘आडव्या बाटली’च्या मतदानातून नोंदले गेले. संसार उद्ध्वस्त होताना पाहिलेल्या बायकांचा तो लढा पूर्ण आदराने अभ्यासावा. मात्र बाईच्या आवडीनिवडीबद्दल त्या मतपत्रिकेवरून काहीच कळत नाही.

बाईची आवड समजून घ्यायची तर अभ्यासकांची खरी गरज पूर्वेकडे आहे. झारखंडच्या आठवडी बाजारात बायका हंडिया, म्हणजे भाताची बिअर, विकतात. शिजवलेल्या भातात रानूच्या, म्हणजे खमिराच्या, गोळ्या मिसळून तो आंबवायचा, आणि कधी उतरला ते त्यांनीच ओळखायचे. मुंडारी किंवा सादरी भाषा येणाऱ्या कुणीतरी त्यांच्याजवळ बसून, उतरलेली हंडिया त्या कशी ओळखतात आणि स्वतःसाठी कोणती राखून ठेवतात, हे लिहून घ्यावे.